१७ ते २३ डिसेंबरच्या 'ओ' प्रार्थना घरी मराठीत कशा म्हणायच्या

घणसोलीहून एका मुलीने विचारलंय की आमच्या चर्चमध्ये १७ डिसेंबरपासून संध्याकाळी 'ओ'ने सुरू होणाऱ्या प्रार्थना म्हणतात त्या नेमक्या काय आहेत, ऑफिसमुळे मला जायला जमत नाही तर घरी मराठीत म्हटल्या तर चालतील का, सासूबाई नगरकडच्या, सीएनआय या प्रॉटेस्टंट चर्चच्या, त्या म्हणतात हे सगळं कॅथलिक लोकांचं, आपल्या बायबलमध्ये नाही. आणि सगळ्यात शेवटी तिने हळूच लिहिलंय की ऑगस्टमध्ये सासरे गेले, घरात यंदा कोणालाच नाताळची हौस नाही, स्टारसुद्धा बॉक्समधून काढलेला नाही, मुलगा सात वर्षांचा आहे तो रोज विचारतो, अशात या प्रार्थना करणं बरं दिसेल का.

अगं, तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बरं दिसेल का म्हणजे काय, याच वर्षी कर. नाताळची गाणी म्हणायला मन तयार लागतं, घरात माणूस गेलेलं असताना ती गळ्यातून निघत नाहीत, मला माहितीये. या सात प्रार्थनांना मात्र तयार मन लागत नाही. त्यात आनंद झाला, बाळ जन्मलं असं एकदाही येत नाही. सातही प्रार्थनांत एकच काम आहे, अंधारात बसून कोणाला तरी हाक मारणं आणि 'ये' म्हणणं. ज्याच्या घरात काही कमी नाही त्याला ते 'ये' म्हणायला उलट कष्ट पडतात.

मी ठाण्यात चरईला राहते. गेली चोवीस वर्षं आमच्याकडे आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या दिवसांतल्या, या सात संध्याकाळी घ्यायचं काम माझ्याकडे आहे, आधी हॉलमध्ये घ्यायचो, मग बऱ्याच आजींना जिना चढवेना म्हणून आता रोज एकीच्या घरी. तर जे हाताखालून गेलंय ते सांगते.

चर्चच्या रोजच्या सायंप्रार्थनेत येशूची आई मारिया हिचं स्तोत्र म्हणतात, लूकच्या पहिल्या अध्यायातलं, ४६ ते ५५ वचनं, 'माझा जीव प्रभूला थोर मानतो' ते. या स्तोत्राच्या आधी आणि नंतर एक छोटी ओळ म्हणायची असते, अभंगाचं ध्रुवपद असतं ना तसंच धर. वर्षभर ही ओळ बदलत राहते, पण १७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांसाठी सात खास ओळी ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक ओळ लॅटिनमध्ये 'ओ'ने सुरू होते, म्हणून त्यांना ओ अँटिफन म्हणतात. जुन्या आहेत खूप, नवव्या शतकात आमालारियस नावाच्या धर्मपंडिताने उपासनेवर लिहिलं त्यात यांचा उल्लेख आहे, म्हणजे अकराशे वर्षांहून जास्त झाली. सातही ओळींची चाल मूळची एकच, ग्रेगोरियन गायनातल्या, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनातल्या, दुसऱ्या मोडमधली (मोड म्हणजे आपल्या थाटासारखं), त्यामुळे पहिल्या दिवशी चाल बसली की बाकीचे सहा दिवस फक्त शब्द बदलायचे. इंग्रजीतलं 'ओ कम, ओ कम, इम्मानुएल' हे गीत तू ऐकलं असशीलच, ते याच सात ओळींवरून झालंय. त्याचं लॅटिन पद्यरूप १७१० साली जर्मनीत कोलोनला छापलेल्या पुस्तकात मिळतं आणि जॉन मेसन नील यांनी १८५१ मध्ये ते इंग्रजीत आणलं.

प्रत्येक ओळीची बांधणी सारखी आहे आणि ही बांधणी समजली की पाठ करायची फारशी गरजच उरत नाही. आधी एका नावाने हाक, मग तो कोण आहे, काय करतो ते एकदोन शब्दांत, मग 'ये', आणि ये म्हटल्यावर आमच्यासाठी काय कर ते. आपण घरात माणसाला हाक मारतो तसंच, अहो, तुम्ही उंच आहात ना, या जरा, वरचा डबा काढून द्या. मुलांना मी असंच समजावते आणि त्यांना ते लगेच कळतं.

आता मला यात सगळ्यात जास्त जवळचं काय वाटतं ते सांगते. सात नावं लॅटिनमध्ये ओळीने अशी आहेत, सापिएन्सिया, आदोनाय, रादिक्स, क्लाविस, ओरिएन्स, रेक्स, इम्मानुएल. शेवटच्या नावाचं लॅटिन स्पेलिंग E अक्षराने सुरू होतं, त्याचा उच्चार ए. आता शेवटाकडून सुरुवातीकडे पहिली अक्षरं घे, ए, र, ओ, क, र, अ, स. एरो क्रास. लॅटिनमध्ये याचा अर्थ होतो 'उद्या मी असेन', उद्या मी तिथे आहे. २३ तारखेला सातवी हाक मारून झाली की मगच हे दोन शब्द पूर्ण होतात आणि उद्या म्हणजे २४, नाताळची संध्याकाळ. हे कोणी मुद्दाम रचलं की आपोआप जुळून आलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इंग्लंडमध्ये पूर्वी १६ तारखेपासून सुरू करून आठवी ओळ मारियेला उद्देशून म्हणायचे, तिथे तर पुढे व लागून 'वेरो क्रास' व्हायचं, खरंच उद्या.

आणि आपल्या मराठीत बघ. लॅटिनमध्ये 'ओ' ही हाक आहे, आपल्याकडे 'ओ' हे उत्तर आहे. आई खालून हाक मारते आणि पोरगं वरून ओ देतं. हाकेला ओ दिली नाही की आई घाबरते. माझ्या गटातल्या एका कोळी आजींनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, म्हंजे आपण सात दिवस हाक मारतो आन् तो त्या हाकांच्या पोटातच ओ देऊन बसलाय. मी चोवीस वर्षांत यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण ऐकलेलं नाही. तुझ्या घरात यंदा एका माणसाला हाक मारली तर ओ येत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, कारण पहिल्या दिवसाची ओळ ज्या पुस्तकांवरून मुख्यतः आलीय, सिराख आणि शलमोनाचं ज्ञान, ती त्यांच्या बायबलमध्ये नसतात. पण त्याच दिवसासाठी त्यांना नीतिसूत्रांचा आठवा अध्याय काढून दे, त्यात ज्ञान स्वतः बोलतं, मी उत्पत्तीच्या आधीपासून त्याच्याजवळ होतो म्हणून. बाकीच्या सहा ओळी बघितल्या तर बहुतेक यशया, मग निर्गम, मलाखी, हाग्गय, प्रकटीकरण, सगळं त्यांच्याही पुस्तकात आहे. शिवाय अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, लोकांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात कॅलेंडरमध्ये १६ डिसेंबरपुढे 'ओ सापिएन्सिया' असं छापलेलं आहे, म्हणजे प्रॉटेस्टंट घरात ही ओळ परकी नव्हती. आणि खरं सांगू, नगरकडच्या बायका ना. वा. टिळकांच्या भजनांवर वाढलेल्या असतात, देवाला 'ये' म्हणून आळवणं त्यांच्या गळ्यात तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त मुरलेलं असतं. तू त्यांना ही कॅथलिक गोष्ट ऐका असं सांगू नकोस, यशया ११ तुम्ही वाचता का एवढंच विचार. त्यांना काम दे.

आता एकेक दिवस. सगळ्यांवर सारखं लिहीत नाही, काही दिवस सोपे आहेत.

१७ ला, 'हे ज्ञाना, परात्पराच्या मुखातून निघालेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणाऱ्या, बळाने आणि मायेने सगळं मांडणाऱ्या, ये, आम्हाला शहाणपणाची वाट शिकव.' त्या दिवशीच्या मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, मत्तयमधली येशूची वंशावळ वाचतात, नावांची लांबच लांब माळ, त्यामुळे घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायला हा दिवस चांगला. मुलाला आजोबांचं, पणजोबांचं नाव सांग, पुढचं कोणाला आठवत नसेल तर तिथे थांबा.

१८ ला, 'हे आदोनाय, इस्राएलच्या घराण्याच्या नायका, जळत्या झुडपात मोशेला दिसलेल्या, सीनायवर नियम दिलेल्या, ये, हात लांब करून आम्हाला सोडव.' आदोनाय म्हणजे हिब्रूत 'माझा प्रभू', देवाचं खरं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून यहुदी लोक वाचताना हा शब्द म्हणत. मोशेला पायातले जोडे काढायला सांगितलं होतं, मुलाला तेवढं सांगितलं की तो स्वतःच चपला दाराबाहेर नेऊन ठेवतो.

१९ ला इशायाचं मूळ. 'हे इशायाच्या मुळा, राष्ट्रांसाठी निशाण होऊन उभ्या राहिलेल्या, ज्याच्यासमोर राजांची तोंडं मिटतात, ज्याला सगळी राष्ट्रं आळवतात, ये, आम्हाला सोडव, आता उशीर करू नकोस.' हा इशाय म्हणजे दावीदाचा बाप. यशयात चित्र असं आहे की झाड तोडलंय, नुसता बुंधा उरलाय आणि त्याला धुमारा फुटतोय. ठाण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही, रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडाच्या खोडाला पावसाळ्यात पालवी फुटलेली आपण सगळ्यांनी बघितलीय. आणि ते 'आता उशीर करू नकोस' बघ, सातही ओळींत एवढी अधीर ओळ दुसरी नाही. देवाला असं म्हणणं बरोबर आहे का असं मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. बरोबर आहे, अकराशे वर्षं चर्च म्हणतंय.

जुन्या मठांमध्ये अशी रीत होती की रोजची ओळ वेगळ्या माणसाने उचलायची आणि कामाप्रमाणे वाटून द्यायची, मुळाची ओळ मठाच्या माळ्याने म्हणायची, पुढच्या दिवशीची चावीची ओळ कोठाराच्या चाव्या ज्याच्याकडे त्याने, आणि ज्याची पाळी त्याने त्या दिवशी सगळ्यांना काहीतरी गोड खायला द्यायचं. ही रीत मी आमच्याकडे जशीच्या तशी आणली. १९ ला ज्या बाईच्या गॅलरीत सगळ्यात जास्त कुंड्या ती ओळ म्हणते, कुलकुल नाहीतर नेवऱ्या घरात तयार होतच असतात त्या दिवसांत, त्यातलंच आणायचं, वेगळा घाट नाही.

२० तारीख मला सगळ्यात जड जाते. 'हे दावीदाच्या चावी, इस्राएलच्या घराण्याच्या राजदंडा, तू उघडलंस तर कोणी बंद करत नाही, तू बंद केलंस तर कोणी उघडत नाही, ये, अंधारात आणि मरणाच्या सावलीत बसलेल्या बंदिवानाला तुरुंगातून बाहेर काढ.' बायबलात 'किल्ली' आहे, पण आमच्या आजी म्हणाल्या घरात आपण चावी म्हणतो, मग चावीच म्हणूया, तेव्हापासून आम्ही चावी म्हणतो. ठाण्यात ही ओळ म्हणताना समोर जेलची भिंत येतेच. तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांकडे गेला आणि त्याचं जेल झालं. बाहेरून रोज बस-रिक्षातून आपण जातो आणि आत माणसं आहेत हे विसरतो, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही आधी आतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या भेटीसाठी बाहेर रांगेत उभ्या राहणाऱ्या आयांसाठी दोन मिनिटं गप्प बसतो, मग ओळ म्हणतो.

माझे मिस्टर गेले त्या वर्षी २० ला माझ्याच घरी पाळी होती. प्रत्येकीने घरातली एक चावी आणून मेणबत्तीपाशी ठेवायची असं आमचं असतं. मी त्यांच्या कपाटाची ठेवली, छोटी पितळेची, तिला त्यांनी निळा दोरा बांधलेला, दोरा मळून काळा पडला होता आणि त्याला अजून त्यांच्या खिशातल्या तंबाखूचा वास होता. चार महिने ते कपाट मी उघडलं नव्हतं. ओळ मीच म्हणायची होती, मी 'हे दावीदाच्या चावी' म्हटलं, 'ये' म्हटलं आणि पुढे आवाजच फुटेना. कोणी मला शांत हो म्हटलं नाही, कोणी पुढचे शब्द सांगितले नाहीत, सगळ्याजणींनी नुसतं 'ये' म्हटलं, परत एकदा 'ये' म्हटलं आणि प्रार्थना तिथेच संपवली. कपाट मी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. तुझ्या सासऱ्यांची कसली तरी चावी घरात असेल, स्कूटरची, टपालपेटीची, ती त्या दिवशी टेबलावर ठेव, सासूबाईंना आधी विचार मात्र. त्या नको म्हणाल्या तर ठेवू नकोस.

२१ ला 'हे उगवत्या सूर्या, सनातन प्रकाशाच्या तेजा, न्यायाच्या सूर्या, ये, अंधारात आणि मरणाच्या सावलीत बसलेल्यांवर उजेड पाड.' लॅटिनमधला 'ओरिएन्स' म्हणजे उगवणाराही आणि पूर्व दिशाही, आणि आपल्याकडे 'उगवत' या शब्दात दोन्ही आपोआप येतं, उगवतीकडे तोंड करून बस म्हणतोच ना आपण. ही ओळ बरोबर वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमाराला येते. युरोपात तो दिवस फारच आखूड, आपल्याकडे साधारण अकरा तासांचा तरी असतो, पण ऑफिसमधून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून संध्याकाळी घरी येईपर्यंत काळोख पडलेला असतो तो असतोच. या दिवशी ओळ म्हणेपर्यंत लाइट लावू नका. टीव्हीचा लाल दिवासुद्धा बंद करा, पूर्ण काळोख झाला पाहिजे, मग ओळ आणि ओळीनंतर मेणबत्ती. मुलाला लावू दे. ज्या आजींना लांब वाक्यं येत नाहीत त्यांच्यासाठी मी जात्यावरच्या चालीत दोन ओळी बांधल्या होत्या, त्या हव्या तर घे,

उगवतीच्या रे सूर्या, दाराशी माझ्या ये
काळोखात बसले बाई, उजेड घेऊनी ये

२२ ला 'हे राष्ट्रांच्या राजा, त्यांच्या मनीच्या आशे, दोघांना एक करणाऱ्या कोनशिले, ये, मातीतून घडवलेल्या माणसाला तार.' कोनशिला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उद्घाटनाची संगमरवरी पाटी येते, इथे कोपऱ्यातला तो दगड आहे ज्यावर दोन भिंती येऊन मिळतात. घरात कोणाशी अबोला असेल तर त्याचं नाव या दिवशी मनात घ्यायचं. बाकी फार सांगत नाही.

२३ ला 'हे इम्मानुएल, आमच्या राजा, नियम देणाऱ्या, राष्ट्रांच्या आशे आणि तारणाऱ्या, ये, आम्हाला तार, हे प्रभू आमच्या देवा.' इम्मानुएल म्हणजे आमच्यासंगे देव, यशयाचा सातवा अध्याय आणि मत्तयचा पहिला. आधीच्या सगळ्या हाकांत पदव्या आहेत, राजा, सूर्य, चावी, मूळ, इथे येऊन हाक एकदम जवळची होते. म्हणून ही ओळ हळू आवाजात म्हणायची, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढीच.

करायचं कसं तर दहा मिनिटांत होतं. सगळे घरी आल्यावर, जेवायच्या आधी. एक मेणबत्ती पुरे, फुलांची रीथ वगैरे नसली तरी अडत नाही. एकाने ओळ म्हणायची, मग मारियेचं स्तोत्र, ते बायबलात बघून वाचलं तरी चालतं, मग परत तीच ओळ सगळ्यांनी मिळून, आणि मग एक मिनिट शांत बसायचं, ज्याला वाटेल त्याने आपलं एखादं 'ये' मोठ्याने म्हणायचं. मुलाने 'आजोबा ये' म्हटलं तर त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करू नकोस. नंतर कधीतरी, दुसऱ्या दिवशी शाळेत सोडताना वगैरे सांग की आजोबा ज्याच्याकडे आहेत त्याला आपण बोलावतोय.

भाषा मराठीच ठेव. सुरुवातीला दोन वर्षं मी हे इंग्रजीत आणि मधे मधे लॅटिनमध्ये घेत होते, कॅसेट लावून, ऐकायला फार सुंदर वाटायचं आणि आमच्या अर्ध्या आजी हात जोडून नुसत्या बसून असायच्या. ती दोन वर्षं मी त्यांना हाक मारूच दिली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आणि देवाला 'तू'च म्हण. अहो-जाहो केलं की 'ये'चं 'यावे' होतं आणि त्यातली ओढच जाते.

मधे एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन ओळी म्हणून भरून काढायचं नाही, त्या दिवसाची तेवढीच. फक्त २३ चुकवू नका. २४ ला ओ ओळ नसते, त्या सकाळच्या मिस्साला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या, त्याचं गीत वाचतात, लूकच्या पहिल्याच अध्यायातलं शेवटचं, त्यात उगवतीकडून आपल्यावर येणारा उजेड परत भेटतो. चर्चला जमलं नाही तर सासूबाईंना ते चहाच्या वेळी वाचायला सांग.

स्टारचं तू थेट विचारलं नाहीस पण मुलगा विचारतोय म्हणून सांगते. आत्ता घाई करू नका. २१ ला ओळ म्हणून मेणबत्ती लावली की त्यानंतर त्याला बॉक्समधून काढू दे आणि खिडकीला लावू दे, साधा एक बल्ब घालून, बाकी रोषणाई नसली तरी चालेल. आणि वर लिहिलेल्या सात ओळी प्रिंट काढू नकोस, वहीत स्वतःच्या हाताने उतरव, एका पानावर एक, अक्षर चांगलं मोठं काढ, सासूबाईंना मेणबत्तीच्या उजेडात चष्म्याने वाचता आलं पाहिजे.